पट्ट्यांची बेरीज: वहीत, शीटमध्ये आणि छोट्या प्रोग्रॅमने

देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत. हंगामात पेट्या बाजारात जातात आणि मागाहून एकेक करून विक्रीच्या पट्ट्या, म्हणजे हिशेबाच्या चिठ्ठ्या, येतात. लग्न होऊन आले त्या पहिल्याच हंगामात हा हिशेब माझ्याकडे आला. सासरे वहीत बेरीज करायचे, मी फोनवरच्या एक्सेलसारख्या शीटमध्ये. एकदा पाच पट्ट्यांची त्यांची बेरीज आली २,५७,७३८ आणि माझी २,४९,०८९. मी म्हटलं, यंत्राची बेरीज चुकणार नाही. त्यावर ते एवढंच म्हणाले, "गो, यंत्र चुकाचा नाय, पण तू त्याका काय दिलंस ता बघ."

फरक होता ८,६४९ चा, आणि त्या पाचांतली एक पट्टी बरोबर ८,६४९ ची होती. ती फोनवरच्या निरोपातून उचलून मी शीटमध्ये चिकटवली होती. आकड्याआधी 'रु.' आलं होतं, म्हणून शीटने त्या घराला आकडा न समजता मजकूर समजलं आणि बेरजेतून गपचूप वगळलं. ना लाल रेघ, ना सूचना.

तेव्हापासून मी प्रत्येक बेरीज दोन वाटांनी करते, एकदा हाताने आणि एकदा यंत्राने. बचत गटाचं दप्तर नुकतंच हाती आलेल्या बायका, घरच्या बागेचा किंवा होडीचा हिशेब बघायला लागलेली मुलं आणि कॉलेजात पहिला प्रोग्रॅम लिहिणारे, या सगळ्यांची अडचण एकाच जागी होते. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहिते. उदाहरणाला त्याच पाच पट्ट्या घेतल्या आहेत.

१. आधी हे जवळ घ्या

- सगळ्या पट्ट्या किंवा पावत्या, तारखेप्रमाणे लावलेल्या. प्रत्येकीवर पेनाने अनुक्रमांक घाला.
- चौकटींची वही. शाळेत गणिताला वापरतात तीच.
- दोन रंगांची पेनं. एक आकड्यांना, एक हातच्यांना.
- शीटचं अ‍ॅप असलेला फोन किंवा लॅपटॉप.
- सातवी पायरी करायची असेल तरच पायथॉन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा. नाहीतर त्याच्यावाचून काही अडत नाही.

पट्टीवर एक आकडा कधीच नसतो. वर एकूण विक्री असते, मग गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा होते आणि तळाला निव्वळ रक्कम येते. तुम्हाला नक्की कोणत्या ओळीची बेरीज हवी आहे ते आधी ठरवा आणि वहीच्या डोक्यावर लिहून ठेवा. चार पट्ट्यांची निव्वळ आणि पाचवीची एकूण अशी सरमिसळ झाली, तर पुढचा कोणताही ताळा, म्हणजे बेरजेची पडताळणी, ती पकडणार नाही.

२. आकडे एकाखाली एक मांडा

एका चौकटीत एक अंक. सगळे आकडे उजवीकडे जुळवायचे, म्हणजे एककाखाली एकक, दशकाखाली दशक.

  ४८,७६५
  ३९,८७०
१,०२,४५८
  ५७,९९६
    ८,६४९

नवीन माणूस डावीकडून लिहायला घेतो, म्हणून ८,६४९ मधला ८ दशहजाराच्या घरात जाऊन बसतो. उजवीकडून, एककापासून लिहायची सवय लावा. १,०२,४५८ मधलं शून्यही गाळू नका. रिकामी चौकट आणि शून्याची चौकट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओळी जास्त असतील तर दहा-दहाचे गट पाडा. याला कारण आहे. दहा ओळींच्या एका रकान्यात जास्तीत जास्त दहा वेळा ९, म्हणजे ९० होतात. त्यात मागचा हातचा ९ धरला तरी ९९. म्हणजे दहा ओळींपर्यंत हातचा कधीच दोन अंकी होत नाही, तो एका चौकटीत मावतो. अकराव्या ओळीपासून तो १० होऊ शकतो, आणि नवख्याचा हात तिथेच अडखळतो.

३. एककापासून सुरुवात, हातचा लिहून

एकक: ५, ०, ८, ६, ९ मिळून २८. खाली ८, हातचे २.
दशक: ६, ७, ५, ९, ४ मिळून ३१, हातचे २ धरून ३३. खाली ३, हातचे ३.
शतक: ७, ८, ४, ९, ६ मिळून ३४, हातचे ३ धरून ३७. खाली ७, हातचे ३.
हजार: ८, ९, २, ७, ८ मिळून ३४, हातचे ३ धरून ३७. खाली ७, हातचे ३.
दशहजार: ४, ३, ०, ५ मिळून १२, हातचे ३ धरून १५. खाली ५, हातचा १.
लाख: १ आणि हातचा १, मिळून २.

उत्तर २,५७,७३८.

हातचा डोक्यात ठेवू नका. पुढच्या रकान्याच्या माथ्यावर दुसऱ्या रंगाने लिहा. हंगामात बेरीज करताना कोणीतरी दारात येतं, फोन वाजतो, आणि परत वहीकडे वळेपर्यंत ३ चे २ झालेले असतात. मी पहिल्यांदा हाताने केली तेव्हा हजारच्या रकान्यातला हातचा ३ ऐवजी २ धरला आणि उत्तर २,४७,७३८ काढलं. दहा हजारांचा खड्डा. दुसऱ्या रंगाची सवय मला त्याच दिवशी लागली.

वरून खाली एकदा केलीत की खालून वर पुन्हा करा. त्याच दिशेने पुन्हा केली तर नजर आणि जीभ त्याच चुकीवरून घसरत जाते. दिशा बदलली की जोड्या बदलतात. आधी ८ आणि ६ जोडले असतील तर आता ९ आणि ६ जोडावे लागतात, म्हणून डोकं जागं राहतं.

४. हातचाच नको असेल तर

प्रत्येक रकान्याची बेरीज वेगळी करा, तिच्या स्थानाइतकी शून्यं लावा आणि शेवटी त्या सगळ्या एकत्र करा.

२८
३१०
३,४००
३४,०००
१,२०,०००
१,००,०००

मिळून २,५७,७३८. ही पद्धत लांबट आहे, पण मध्येच उठावं लागलं तर काही हरवत नाही, कारण प्रत्येक ओळ स्वतःपुरती पूर्ण असते. यात कोणत्याही टोकापासून सुरुवात करता येते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराला लीलावतीत बेरजेचा नियम सांगताना ही मोकळीक दिलीच आहे: अंक आपापल्या स्थानाप्रमाणे मिळवा, मग क्रमाने घ्या किंवा उलट क्रमाने. शाळेत आपण 'एककापासूनच' असं शिकतो, ते फक्त हातच्याच्या सोयीसाठी.

५. ताळा

ही पायरी बहुतेकजण गाळतात. मला मात्र सगळ्यांत जास्त प्रेम हिच्यावर आहे.

आधी नऊचा ताळा. प्रत्येक आकड्यातले अंक मिळवत जा आणि एक अंक उरेपर्यंत थांबू नका. ९ आला तर तो शून्य धरा.

४८,७६५ चे ३०, म्हणजे ३.
३९,८७० चे २७, म्हणजे ०.
१,०२,४५८ चे २०, म्हणजे २.
५७,९९६ चे ३६, म्हणजे ०.
८,६४९ चे २७, म्हणजे ०.

मिळून ५. आता उत्तर: २,५७,७३८ चे ३२, म्हणजे ५. जुळलं.

हा ताळा पट्टीवरच्या मूळ आकड्यांवरून काढा. वहीतल्या नकलेवरून काढलात तर उतरवताना झालेली चूक दोन्हीकडे सारखीच राहील. आणि त्याची एक मर्यादा ध्यानात ठेवा. ४८,७६५ च्या जागी ४८,६७५ उतरलं गेलं तर नऊच्या ताळ्याला ते दिसत नाही, कारण अंक तेच आहेत, फक्त जागा बदलल्या आहेत.

त्यासाठी अकराचा ताळा. उजवीकडून पहिला अंक अधिक, दुसरा उणे, तिसरा अधिक, असं करत जा. ४८,७६५ साठी ५ − ६ + ७ − ८ + ४ = २. उणे उत्तर आलं तर त्यात ११ मिळवा. पाचही आकड्यांचे येतात २, ६, ४, ४, ३. मिळून १९, त्यातून ११ गेले की ८. उत्तराचा: ८ − ३ + ७ − ७ + ५ − २ = ८. जुळलं. ४८,६७५ लिहिलं असतं तर त्याचा ताळा २ न येता ० आला असता आणि गडबड लगेच उघडी पडली असती.

दोन्ही ताळे जुळले तरी बेरीज चुकीची असू शकते, पण मग चूक ९९ ने भाग जाणारी असायला हवी. तसं क्वचितच होतं.

६. शीटमध्ये

बी रकान्यात दुसऱ्या घरापासून आकडे भरा. खाली बरोबरचं चिन्ह देऊन 'सम' हे सूत्र इंग्रजी अक्षरांत टाइप करा आणि कंसात पहिलं घर, विसर्गासारखं चिन्ह आणि शेवटचं घर द्या. करायचं एवढंच, पण सापळे मात्र बरेच आहेत.

मजकूर झालेला आकडा. माझ्यावर गुदरलेला सापळा हाच. घराची मांडणी तुम्ही स्वतः बदलली नसेल, तर आकडा घराच्या उजव्या कडेला चिकटतो आणि मजकूर डाव्या कडेला. रकाना वरून खाली नजरेने बघा. एखादा आकडा डावीकडे गेलेला दिसला तर तो पुसून हाताने पुन्हा टाइप करा. 'रु.' आणि '/-' कधीच टाइप करू नका. स्वल्पविरामही नको, तो घराच्या मांडणीतून आपोआप येऊ द्या. आणखी एक खूण: 'काउंट' हे सूत्र फक्त खरे आकडे मोजतं. पट्ट्या पाच आणि काउंट चार, म्हणजे एक निसटली.

सूत्राच्या बाहेर राहिलेली ओळ. बेरजेचं सूत्र सहाव्या ओळीपर्यंतच आहे, आणि उशिरा आलेली पट्टी तुम्ही सातव्यात भरली. ती पट्टी डोळ्यांसमोर दिसते, पण बेरजेत नाही. मी बेरीज रकान्याच्या माथ्यावर ठेवते आणि सूत्र पाचशेव्या घरापर्यंत ताणून ठेवते.

गाळणी. एका बाजारापुरत्या ओळी दिसाव्यात म्हणून फिल्टर लावलात तरी 'सम' लपलेल्या ओळीही धरतं. दिसणाऱ्या ओळींचीच हवी असेल तर 'सबटोटल' सूत्र घ्या आणि त्यात पहिला आकडा १०९ द्या.

लपलेले पैसे. १०.४० आणि १०.४० ही दोन घरं पैसे न दाखवता १० आणि १० दिसतात, बेरीज मात्र २१ दिसते, कारण आतली खरी बेरीज २०.८० आहे. गटाच्या बैठकीत असा कागद पुढे ठेवला की शंका निघतेच. पैसे दाखवा, नाहीतर प्रत्येक रक्कम आधीच पूर्ण रुपयात आणा.

लांबलचक आकडे. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक धरतं. सोळावा अंक शून्य होतो. बँकेचा खाते क्रमांक किंवा कार्डाचा क्रमांक लिहायचा असेल तर त्या घराला आधीच मजकुराची मांडणी द्या. त्याची बेरीज कोणाला करायची नसतेच.

७. प्रोग्रॅमने

पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही अंकी चालतो, यंत्राच्या स्मृतीत मावेल तेवढा. शंभर अंकी दोन आकडे सरळ अधिक चिन्हाने मिळवता येतात. सगळ्याच भाषांत असं नाही. जावाचा साधा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जातो. त्यात १ मिळवला की तक्रार न करता उणे २,१४,७४,८३,६४८ दाखवतो.

पण पायथॉनमध्येही पहिल्याच दिवशी घसरायची जागा आहे. 'इनपुट' ने घेतलेला आकडा हा अक्षरांची ओळ असतो. ४८ आणि ३९ टाइप करून अधिक केलं तर ८७ येत नाहीत, ४८३९ येतं. आधी 'इंट' मधून काढून पूर्णांक करा. मजा म्हणजे देवनागरी अंक दिले तरी 'इंट' ते ओळखतं. स्वल्पविराम असलेला आकडा मात्र नाकारतं, म्हणून तो आधी 'रिप्लेस' ने काढून टाका.

रुपये-पैसे दशांशात ठेवू नका. ०.१ आणि ०.२ ची बेरीज पायथॉन ०.३०००००००००००००००४ दाखवतो, कारण आत सगळं दोनच्या घातांत साठवलेलं असतं आणि एक दशांश त्यात नेमका बसत नाही. सगळ्या रकमांचे पैसे करून पूर्णांकात मिळवा, शेवटी १०० ने भागा.

कॉलेजात बहुधा सांगतात की तयार अधिक चिन्ह न वापरता हातची पद्धतच प्रोग्रॅममध्ये उतरवा. जरूर करा. हातचा म्हणजे काय ते तिथे खरं समजतं. लहान आकड्याच्या डावीकडे शून्यं लावून दोन्ही आकडे सारख्या लांबीचे करा, आणि मग:

हातचा = ०, उत्तर = रिकामं.
शेवटच्या अंकापासून पहिल्यापर्यंत प्रत्येक जागी:
वरचा अंक, खालचा अंक आणि हातचा मिळवा.
बेरजेला १० ने भागा. बाकी उत्तराच्या डावीकडे लावा.
भागाकार हा पुढचा हातचा.
सगळे अंक संपल्यावर हातचा उरला असेल तर तोही डावीकडे लावा.

शेवटची ओळ विसरलात तर ९९९ + १ चं उत्तर ००० येतं. म्हणून तपासायला पहिलं उदाहरण तेच द्या. मग ० + ०, मग ५ + ५, मग एक सहा अंकी आणि एक एक अंकी. या चारांतून पार पडला की प्रोग्रॅमवर विश्वास ठेवायला हरकत नाही. दोन आकड्यांत हातचा ० किंवा १ एवढाच असतो, कारण ९ + ९ + १ = १९. त्याहून मोठा दिसला तर चूक तुमच्या लिहिण्यात आहे.

८. हातचा दहालाच येतो असं नाही

आंब्यात हे रोज लागतं. एका पेटीत ३ डझन ८ नग आणि दुसरीत ५ डझन ९. कोणीतरी कॅल्क्युलेटरवर ३.८ + ५.९ करतं आणि ९.७ वाचतं. चूक. ८ आणि ९ म्हणजे १७ नग, म्हणजे १ डझन ५. हातचा बाराला आला. ३, ५ आणि १ मिळून ९. खरं उत्तर ९ डझन ५ नग. शीटमध्ये डझन आणि नग दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा. नगांची बेरीज १२ ने भागा, भागाकार डझनांत घाला. मजुरीचे तास-मिनिटं असतील तर बाराच्या जागी ६०.

आमच्या घरी आजेसासऱ्यांची जुनी वही आहे, रुपये-आणे-पैची. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, ही त्याआधीची. तिच्यात १२ पै झाल्या की एक आणा हातचा आणि १६ आणे झाले की एक रुपया. ३ रुपये १३ आणे ९ पै आणि २ रुपये ७ आणे ८ पै: पै १७, म्हणजे ५ आणि हातचा १. आणे २१, म्हणजे ५ आणि हातचा १. रुपये ६. उत्तर ६ रुपये ५ आणे ५ पै. त्या वहीत प्रत्येक हातचा रकान्याच्या वर बारीक अक्षरात लिहिलेला आहे, शाई फिकी झाली तरी वाचता येतो.

सातव्या पायरीतल्या प्रोग्रॅममध्ये १० च्या जागी १२ किंवा १६ घातलं की तो हेही करतो. पायथॉन स्वतःचे मोठे आकडे असेच सांभाळतो. बहुतेक यंत्रांवर त्याचा हातचा १,०७,३७,४१,८२४ ला, म्हणजे २ च्या ३० व्या घाताला येतो.

९. दोन बेरजा जुळल्या नाहीत तर

सगळं पुसून पुन्हा सुरू करू नका. आधी मोठ्या बेरजेतून लहान वजा करा आणि फरकाकडे बघा.

फरक एखाद्या पट्टीएवढाच असेल तर ती एकीकडे सुटली आहे किंवा दुसरीकडे दोनदा आली आहे. १०, १००, १०,००० असा असेल तर हातचा घसरला. कोणत्या रकान्यात ते शून्यांवरून कळतं, बाकीचे रकाने पुन्हा करायची गरज नाही.

फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर अंकांची अदलाबदल झाली असणार. ४८,७६५ चे ४८,६७५ झाले तर फरक ९०. नाहीतर एक शून्य जास्तीचं पडलं असेल. ८,६४९ चे ८६,४९० झाले तर फरक ७७,८४१, म्हणजे बरोबर ८,६४९ ची नऊपट. म्हणून ९ ने भाग गेला की भागाकार पट्ट्यांमध्ये शोधा. सापडला तर काम झालं.

फरक सम असेल तर त्याची निम्मी रक्कम शोधा. ती जमेच्या जागी खर्चात किंवा उलटी पडलेली असते, आणि मग फरक दुप्पट दिसतो.

यातलं काहीच लागलं नाही, तर पानाच्या तळाशी जा. वहीत पान संपलं की बेरीज लिहून 'पुढील पानावर' असं लिहितात, आणि नव्या पानाच्या माथ्यावर तोच आकडा 'मागील पानावरून' म्हणून घेतात. शीट भरताना वहीतली प्रत्येक ओळ उतरवत गेलात तर हे दोन्ही आकडे ओळी म्हणून आत येतात आणि अख्खं पान तिप्पट होतं. त्यांच्याभोवती दुसऱ्या रंगाने चौकट करा, म्हणजे उतरवताना हात तिथे थांबेल.